आमच्या बोड्यांतील शिंगी व मागूर



मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या कीं आमच्या वसतिगृहांतील मुलांचें चित्त वर्गांत राहत नाहीं. खिडकीबाहेर ओल्या मातीचा वास सुटलेला असतो, बोडीच्या पाळीवर बेडकांनीं आपला आरंभ केलेला असतो, आणि मागच्या बांकावरील दोघे-तिघे तरी खिशांत गळ व दोरा लपवून बसलेले असतात. पूर्वीं अशा मुलांच्या बाबतींत शिक्षकांच्या दोन रीति असत. कांहीं जण पोरखेळ म्हणून तिकडे दुर्लक्ष करीत, कांहीं जण वेळेचा अपव्यय म्हणून रागें भरत. मला तिसरी रीति बरी वाटते. ज्या गोष्टीकडे मुलाचें मन आपण होऊन धांवतें, ती गोष्टच त्याला नीट शिकवावी. म्हणून यंदाच्या अंकांत व्याकरणाचा किंवा इतिहासाचा पाठ न देतां मासे धरण्याचा पाठ देत आहें. पालकांनीं तो शेवटपर्यंत वाचावा, अशी त्यांस विनंति आहे. कारण या पाठांत मीं केलेल्या एका चुकीचीहि हकीकत आहे.

आपल्या पूर्व विदर्भास तलावांचा प्रदेश म्हणतात, तें यथार्थच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी काळापासूनचे लहानमोठे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतील अगदीं लहानांस आपण बोडी म्हणतों. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजाच्या कसबी लोकांनीं यांपैकीं पुष्कळ बांधले. रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली. उतारावर मातीची पाळ घालावयाची, पावसाचें पाणी अडवावयाचें, आणि पाळीखालच्या धानाच्या बांध्यांस तें लागेल तसें सोडावयाचें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली व तलाव सरकारच्या ताब्यांत गेले. पुढें बहुतेक लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आले. मासे धरण्याचा हक्क मात्र पुष्कळ ठिकाणीं मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्यानें दिलेला असतो, आणि त्या संस्थांत ढिवर समाजाच्या शेंकडों कुटुंबांचें पोट आहे. तेव्हां पाठाचा पहिला नियम हाच कीं, ज्याच्या ठेक्यांत बोडी आहे त्याला विचारल्यावांचून पाण्यांत गळ टाकूं नये. तुमचा तो खेळ आहे, त्याची ती भाकर आहे.

आतां माशांकडे वळूं. उन्हाळ्यांत बोडीचें पाणी आटत जातें, तापतें, गढूळ होतें. त्यांतील प्राणवायु कमी होतो. अशा पाण्यांत रोहू किंवा कटला तग धरूं शकत नाहीं. पण शिंगी आणि मागूर हे दोन मासे गुडघाभर चिखलांतहि जिवंत राहतात. दोघांच्याहि अंगावर खवले नसतात. कातडी गुळगुळीत व बुळबुळीत असते. तोंडाभोंवतीं मिशांच्या चार जोड्या असतात. या मिशांवरूनच इंग्रज लोकांनीं या जातीच्या माशांस मांजराचें नांव दिलें. शिंगी सडपातळ, तांबूस-काळी, क्वचितच फूटभराहून लांब. तिच्या पाठीवरील पर अगदीं आंखूड, जणूं टोंचून बसविलेला. मागूर अंगानें भरीव, डोकें चपटें, आणि पाठीवरील पर मानेपासून जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला. हा एवढा भेद लक्षांत ठेवला म्हणजे दोघांची गल्लत होत नाहीं. याच कुळांतील शिवडा मोठ्या तलावांत व नद्यांत सांपडतो. तो हातभराहून पुष्कळ लांब वाढतो, त्याचा जबडा रुंद असतो, आणि मिशांच्या मात्र दोनच जोड्या असतात.

हे मासे चिखलांत जगतात कसे? इतर माशांप्रमाणें यांनाहि कल्ले आहेतच. पण त्यांच्या जोडीस निसर्गानें हवेंतून श्वास घेण्याची सोय केली आहे. मागुराच्या कल्ल्यांच्या वरील पोकळींत, फांद्या फुटलेल्या लहान झाडाप्रमाणें दिसणारें एक तांबडें इंद्रिय असतें. शिंगीच्या शरीरांत कल्ल्यांपासून निघून पाठीच्या स्नायूंतून शेपटीकडे गेलेल्या दोन लांब नळीसारख्या पिशव्या असतात. पृष्ठभागावर येऊन हे मासे तोंडानें हवा घेतात, व ती या इंद्रियांत सांठवून तींतील प्राणवायु रक्तांत घेतात. संध्याकाळीं बोडीच्या कांठीं शांत बसलें असतां मध्येंच पाण्यावर 'टुळुक्' असा आवाज होऊन बुडबुडे उठतात, ते बहुधा यांचेच. गंमत अशी कीं, पाण्यांत प्राणवायु कमी असतां यांना वर येऊं दिलें नाहीं, तर मासे असूनहि ते पाण्यांतच गुदमरून मरतात! उलट, अंग ओलें राहील तर मागूर पाण्याबाहेरहि बराच वेळ जगतो, आणि पावसाळी रात्रीं छातीजवळच्या कांट्यांचा टेकू घेत ओल्या गवतांतून सरपटत एका डबक्यांतून दुसऱ्या डबक्यांत जातो.

गढूळ पाण्यांत व रात्रींच्या अंधारांत डोळ्यांचा उपयोग थोडा. म्हणून यांचे डोळे बारीक, पण इतर इंद्रियें तीक्ष्ण असतात. मिशांवर, ओठांवर आणि अंगाच्या कातडीवरहि चव ओळखणाऱ्या सूक्ष्म कळ्या असतात; जणूं सारा मासाच एक जीभ आहे. श्रवणहि चांगलें असतें, कारण पोटांतील हवेची पिशवी व कान यांना जोडणारीं बारीक हाडें यांच्या शरीरांत असतात. तुम्ही पाळीवर धपधप पावलें टाकीत आलांत तर ती वार्ता तुमच्या आधीं पाण्यांत पोंचते. 'मासा लागत नाहीं' म्हणून नशिबास बोल लावणाऱ्या मुलानें आधीं आपल्या पायांस बोल लावावा.

एवढें समजल्यावर गळाची रीति आपोआप उमगते. आठ-दहा फुटांचा वाळलेला, सरळ बांबू घ्यावा. त्याच्या शेंड्यास बळकट दोरा बांधावा. दोरा काठीइतकाच लांब असावा, अधिक नको. टोंकास मध्यम आकाराचा गळ लावावा. गळाचा उलटा दांता पकडीनें दाबून सपाट करून घ्यावा, म्हणजे लहान मासा इजा न होतां सोडतां येतो, आणि आपल्याच बोटांत गळ रुतला तर काढणें सोपें जातें. गळापासून वीतभर वर शिशाचा लहानसा तुकडा दाबून बसवावा. त्याहून वर, सरकवितां येईल असा बुचाचा किंवा भेंडाचा तुकडा बांधावा. आमिष म्हणून गांडुळाइतकें सोपें व खात्रीचें दुसरें कांहीं नाहीं. शेणखताच्या ढिगाखालीं तें हवें तेवढें मिळतें.

हे मासे तळाशीं चरतात. तेव्हां पाणी किती खोल आहे हें प्रथम पाहून, आमिष तळास जेमतेम टेकेल अशा बेतानें बूच सरकवावें. जागा निवडावयाची ती पाणी आंत येतें त्या तोंडापाशीं, कमळाच्या वेलांच्या कडेस, किंवा कांठच्या झाडांचीं मुळें पाण्यांत उतरलीं असतील तेथें. दिवसां हे मासे बिळांत व चिखलांत दडून राहतात. दिवस मावळूं लागला म्हणजे भक्ष्य शोधावयास निघतात. म्हणून सूर्यास्ताच्या आधींचा अर्धा तास व नंतरचा अर्धा तास हा उत्तम काळ होय.

बूच किंचित् थरथरलें म्हणजे लगेच काठी ओढूं नये. मासा अजून मिशांनीं आमिष चांचपीत असतो. या वेळीं दहापैकीं नऊ मुलें घाई करतात व गळ रिकामा वर येतो. थांबावें. बूच एका बाजूस चालूं लागलें आणि तिरपें होऊन खालीं गेलें, म्हणजे मासा आमिष घेऊन निघाला असें समजावें. तेव्हां हिसका न देतां काठी सावकाश पण दृढपणें उचलावी, आणि मासा पाण्यापासून चार हात दूर गवतावर आणावा.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. शिंगीस उघड्या हातानें कधींहि धरूं नये. तिच्या छातीजवळच्या दोन परांत एकेक कांटा असतो व त्याच्याशीं विषग्रंथि असते. मी दहा वर्षांचा असतांना गवतावर उडणारी शिंगी पायानें दाबून धरण्याचा शहाणपणा केला होता. कांटा तळव्यांत शिरला. विंचू डसावा तशी वेदना पोटरीपर्यंत चढली, आणि मी सारी रात्र कण्हत काढली. घरच्यांनीं प्रेमानें चुना लावला, हळद लावली. गुण कांहींच आला नाहीं. आज योग्य उपाय ठाऊक आहे तो असा: जखम स्वच्छ धुवावी, कांट्याचा तुकडा दिसत असल्यास काढावा, आणि तो हात किंवा पाय सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत अर्धा तास ते दीड तास ठेवावा. उष्णतेनें या विषाचा जोर कमी होतो. पाणी किती ऊन आहे हें दुसऱ्यानें आपला हात घालून आधीं पाहावें. बधिर झालेल्या पायास भाजल्याचें कळत नाहीं. त्यानंतर दवाखान्यांत जाऊन जखम दाखवावी व धनुर्वाताची सुई घ्यावी. कांटा टाळावयाचा असेल तर पायांत जोडा असूं द्यावा, जाड ओलें फडकें माशावर टाकावें, आणि परांच्या मागून तो धरावा. मागुराचे कांटेहि टोंचतात, म्हणून त्यालाहि हाच नियम लावावा.

पालकांनीं येथें आणखी एक दक्षता घ्यावी. बोडी वरून उथळ दिसते. पण पाळीची माती काढलेली असते तेथें एकदम खड्डा लागतो, आणि तळच्या गाळांत पाय रुततो. पोहणाऱ्यासहि गाळ सोडीत नाहीं. मुलास एकट्यानें कधींहि जाऊं देऊं नये. बरोबर पोहतां येणारा मोठा माणूस असावा, आणि अंधार पडण्यापूर्वीं सर्वांनीं पाळीवरून उतरावें. अधिक मासे मिळविण्यापेक्षां सगळीं मुलें घरीं परतणें मोलाचें आहे.

मासे कसे धरावे हें सांगितलें. आतां ते केव्हां धरूं नयेत तें सांगतों. जोराचा पाऊस होऊन पाणी वाहूं लागलें म्हणजे शिंगी व मागूर तलावांतून निघून नवीन पाण्याच्या उलट दिशेनें पाटांत आणि धानाच्या बांध्यांत चढतात. कोंकणांत व देशावर अशांस 'चढणीचे मासे' म्हणतात. त्या रात्रीं दिवा व टोपली घेऊन गेलेला लहान मुलगाहि ढिगानें मासे आणतो, आणि घरोघर आनंद होतो. परंतु ते मासे कोठें चालले होते? अंडीं घालावयास! माद्यांचीं पोटें अंड्यांनीं भरलेलीं असतात. मागूर बांधीच्या कडेला चिखलांत खळगा करून त्यांत अंडीं घालतो, आणि पिलें निघेपर्यंत नर तेथें राखण करतो. रोहूची मादी अंडीं लाखांनीं घालते. मागुराची मादी कांहीं हजारच. ज्याचीं मुलें थोडीं, त्याचें घर लवकर ओस पडतें. बिहार राज्यानें ज्याला आपला राज्यमासा मानलें, तो हा आपला देशी मागूर आज जगांतील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहे. शेतांतील विषारी औषधें, आटलेले तलाव, पाळीवर माजलेली बेशरमाची झाडी, हीं त्याचीं कारणें आहेतच. पण चढणीच्या रात्रींची आपली टोपली हेंहि एक कारण आहे. म्हणून आमच्या शाळेंत नियम केला आहे कीं, आषाढ-श्रावणांत गळ खुंटीस टांगावयाचा, आणि इतर वेळीं वीतभराहून लहान मासा परत पाण्यांत सोडावयाचा.

कांहीं ठिकाणीं पाण्यांत विष किंवा विरंजक चूर्ण टाकून, अथवा सुरुंग उडवून मासे मारतात. या कृत्यांस १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेंच मनाई केली. तसें करणारा एका दिवसाच्या जेवणासाठीं दहा वर्षांचें बीं जाळतो, आणि तेंच पाणी गुरें व माणसें पितात हेंहि विसरतो.

आतां माझ्या चुकीची हकीकत. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या आठवींतील एका मुलानें आठवडी बाजारांत टोपलींत तडफडणारा एक जिवंत मासा पाहिला. त्याला दया आली. खाऊसाठीं मिळालेले सारे पैसे देऊन त्यानें तो मासा विकत घेतला, भिजल्या पोत्यांत गुंडाळून शाळेपर्यंत आणला, आणि आमच्या कुंपणालगतच्या बोडींत सोडून दिला. ही गोष्ट मला कळली तेव्हां माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या सभेंत मीं त्याला सर्वांसमोर उभें केलें, त्याची स्तुति केली, आणि भूतदयेवर पंधरा मिनिटें बोललों.

तिसऱ्या दिवशीं त्या बोडीचा ठेका असलेले एक वृद्ध गृहस्थ कार्यालयाच्या दाराशीं येऊन उभे राहिले. मीं त्यांस आंत बोलाविलें. ते खुर्चीवर बसले नाहींत. म्हणाले, "गुरुजी, पोरानं एका माशावर दया केली, बाकीच्यायवर कोन करन?"

मला अर्थ कळेना. तेव्हां त्यांनीं समजावून सांगितलें कीं, मुलानें सोडलेला मासा आपला मागूर नव्हे. बाजारांत त्याच नांवानें विकला जाणारा परदेशी मागूर होता. मीं मान डोलावली, पण मनांत म्हटलें, एका माशानें काय होणार आहे! घरीं जाऊन पुस्तकें उघडलीं तेव्हां माझें अज्ञान मला कळलें. हा मासा आफ्रिकेंतला. १८२२ सालीं बर्चेल नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें, आणि गारीप नदीवरून त्याचें शास्त्रीय नांव पडलें. त्याचें डोकें मोठें व चपटें, अंगावर करड्या रंगाचे ढग पसरल्यासारखे डाग, पोट पांढरें. आपला मागूर हातभरहि क्वचितच होतो, पण हा मीटरभराहून अधिक वाढतो. मासे, बेडूक, गोगलगाई, किडे, जें तोंडांत मावेल तें तो खातो, आणि चिखलांतहि मरत नाहीं. याच कारणास्तव २००० सालीं भारत सरकारनें त्याच्या पालनास बंदी केली, आणि २०१९ सालीं राष्ट्रीय हरित लवादानेंहि त्याचे सांठे नष्ट करण्याविषयीं आदेश दिला. तरीहि लवकर वाढतो व स्वस्त पडतो म्हणून तो चोरून पाळला जातो आणि बाजारांत येतो.

पुढच्या उन्हाळ्यांत बोडीचें पाणी गुडघ्यापर्यंत उतरलें. ठेकेदार बाबांनीं व त्यांच्या मुलांनीं जाळें ओढलें. मी आणि आठवी-नववीचीं मुलें पाळीवर उभीं होतों. जाळ्यांत तो मासा आला. सोडला तेव्हां वीत-दीड वीत होता, आतां माझ्या हाताएवढा झाला होता. पोट चिरल्यावर आंत लहान मासे, एक बेडूक व खेंकड्याच्या नांग्या निघाल्या. त्या वर्षीं जाळ्यांत शिंग्या नेहमींपेक्षां कमी आल्या, असें बाबा म्हणाले. सारा दोष त्या एका माशाचा होता असें मी म्हणत नाहीं. पण तो एकटाच होता म्हणून निभावलें. त्याची जोडी असती तर पुढें काय झालें असतें, हें सांगावयास मोठें गणित नको.

तो मुलगा माझ्याजवळ उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानें हळूच विचारलें, "सर, मग दया करायचीच नाहीं का?"

दुसऱ्या दिवशीं सभेंत मीं उत्तर दिलें. मीं सांगितलें कीं, स्तुति मीं केली होती, तेव्हां चूकहि माझीच आहे. या मुलाची दया खोटी नव्हती. त्याच्या शिक्षकाचें ज्ञान अपुरें होतें. दया अवश्य करावी. परंतु जिच्यावर आपण उपकार करूं पाहतों त्या बोडींत कोण राहतें, काय खातें, कोणाच्या आधारानें जगतें, हें आधीं जाणून घ्यावें. जें आपणांस ठाऊक नाहीं तें ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावें, मग तो खुर्चीवर बसणारा असो कीं दाराशीं उभा राहणारा. सभेनंतर मी त्या मुलास घेऊन बाबांच्या घरीं गेलों, आणि आम्हीं दोघांनींहि त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं मुलास जवळ घेतलें व जाळें विणण्याची सुई त्याच्या हातांत दिली. त्या सुट्टींत तो दररोज त्यांच्याकडे जात असे.

मित्रहो, पाठ येथें संपला. पुढील गोष्टी आपल्या गांवच्या बोडीवर स्वतः पाहून वहींत लिहून आणाव्या.

१. संध्याकाळीं अर्धा तास शांत बसून, मासे हवा घेण्यासाठीं किती वेळां वर येतात तें मोजा. पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत त्या संख्येंत काय फरक पडतो? तो कां पडत असावा?

२. आपल्या बोडींत कोणकोणते मासे आहेत, आणि तुमच्या आजोबांच्या लहानपणीं कोणते होते, हें मासे धरणाऱ्या एखाद्या वृद्ध स्त्रीस किंवा पुरुषास विचारा. जे नाहींसे झाले त्यांचीं नांवें तरी लिहून ठेवा.

३. बाजारांत मागूर विकावयास आला तर त्याचें डोकें, रंग व लांबी पाहून तो देशी कीं परदेशी तें ओळखण्याचा प्रयत्न करा. आणि तो कितीहि तडफडत असला तरी बोडींत सोडूं नका.